एकच दुर्बीण

माजलगावच्या धरणाकडं निघालो तेव्हा
पाच वाजून दहा मिनिटं झाली होती
आणि सोजरनं स्कार्फवर मफलर, मफलरवर हेल्मेट
असं काही तोंड गुंडाळलं होतं
की मागून ती काय बोलतेय ते
केसापुरी कॅम्प ओलांडेपर्यंत कळलंच नाही.
"दुर्बीण घेतलीस का?"
तेवढंच विचारत होती बाई, चार किलोमीटर.

घेतली होती.
तिच्या दिरानं जालन्याच्या जुन्या बाजारातून आणलेली,
डाव्या काचेत बुरशीचा एक केस.
त्यामुळं आमच्या वहीतल्या प्रत्येक पक्ष्याला
एक पीस जादा.

पाणी मागं हटलंय पौषात.
ते होतं तिथं आता गाळपेर:
हरभरा घोट्याएवढा, पुढं काकडीचे वेल,
त्याच्या पुढं नुसता चिखल, चप्पल मागून घेणारा,
आणि चिखलाच्या कडेला शेकाटे,
परक्याच्या सारवलेल्या अंगणात आल्यासारखे
लाल पाय उचलून उचलून टाकणारे.

करार असा:
जिच्या डोळ्याला दुर्बीण तिनं बोलायचं,
दुसरीनं लिहायचं आणि विश्वास ठेवायचा.
"थापट्या. नऊ. थांब, अकरा, दोघांच्या माना पाण्यात होत्या."
"चक्रवाक दोन. भांडायलेत."
"भांडायलेत हे कुठल्या रकान्यात लिहू?"
"शेऱ्यात लिही."

सोजर अंगणवाडीत मदतनीस.
पोलिओच्या रविवारी ती पोरांच्या
करंगळीवर शाईची खूण करते,
म्हणून हे असलं मोजणं तिला मुळातच पटत नाही.
"खूण नाही, काही नाही,
त्योच चांदवा बुडून पल्याड निघाला
म्हंजे त्याला दोनदा डोस पाजला की गं आपण!"
हसू दाबावं लागतं. पाण्यावर आवाज लांब जातो.
थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं सोडवणारा एक जण,
धुक्यानं कमरेपासून खाली पुसलेला,
मान वर करून बघतो
आणि पुन्हा जाळ्यात बघतो.

तीनशे बारावर आलो होतो.
पाळी तिची. मी पेन्सिलीचं टोक बघत होते.
आणि पाणी उभं राहिलं.

म्हणजे बदकं उठली. पण दिसलं ते तसंच.
अख्खा जलाशय ओल्या गोधडीसारखा
कुणी दोन टोकांनी धरून झटकला,
पंखांचा आवाज आधी पोटात, मग कानात,
सगळे काळे, वळले की सगळे पांढरे,
हरभऱ्यावरून त्यांची सावली
दोनदा येऊन गेली, माझ्यावरूनही.
सोजर हलली नाही.
कोपरं गुडघ्यांत रोवलेली, दुर्बीण तशीच.

थवा लांब जाऊन टेकल्यावर म्हणाली,
"दलदली भोवत्या. मादी.
पाय खाली सोडले तिनं, लव्हाळ्यात उतरली,
रिकामी उठली.
डोकं फिकं, सायीसारखं.
माझ्याकडं बघितलं बघ."
"आणि बाकीचे?"
"बाकीचे कोण?"

मग आम्ही थर्मासच्या एकाच झाकणातून
आळीपाळीनं चहा पीत भांडलो.
मी म्हणाले, सगळं आभाळ भरलं होतं, हजारभर तरी.
ती म्हणाली, असतील, वारं आल्यागत झालं खरं.
ती म्हणाली, तिचा डोळा पिवळा नव्हता, तपकिरी.
मी म्हणाले, असेल.
पलीकडं कुणाचा तरी इंजिन पंप
दोनदा खोकला आणि लागला.

वहीत मी लिहिलं: भोवत्या, मादी, १.
मी न बघितलेला पक्षी, माझ्या अक्षरात.
सोजरनं पेन्सिल ओढून घेतली
आणि खाली तिच्या मोठ्या गोल अक्षरात,
माझ्या शब्दावर,
लिहिलं: बाकीचे लई.

"तीनशे बाराचं काय?"
"खोड. पुन्हा एकपासून. धर, तुझी पाळी."

काचांच्या कडांना तिचं काजळ, अजून ऊब.
पाणी रिकामं, केस तेवढा आडवा.
मग केसाच्या खालून
बुडी मारून वर आलेली टिबुकली,
जिला यातलं काहीच कळलं नव्हतं.

एक, म्हणाले मी.